अंटार्क्टिकाला जायचंय? आधी एका पायावर उभं राहून बूट घालायची प्रॅक्टिस करा

परत आल्यापासून भेटेल तो पहिला प्रश्न एकच विचारतो, थंडी किती होती? आणि खरं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. डिसेंबर-जानेवारी म्हणजे तिकडचा उन्हाळा, अंटार्क्टिक पेनिन्सुलाच्या (खंडाचा दक्षिण अमेरिकेकडे आलेला चिंचोळा भाग) किनाऱ्यावर तापमान शून्याच्या अल्याडपल्याड असतं, ऊन पडलं तर चार-पाचवर पण जातं, हिवाळ्यात लडाखला जाऊन आलेली मंडळी तर सरळ हसतात. वारा सुटला की गोष्ट वेगळी, तेव्हा नाक जागेवर आहे का ते हात लावून बघावं लागतं. पण आम्हाला दमवलं ते थंडीने नाही, कपड्यांनी. घाला, बाहेर जा, या, काढा, वाळत टाका, जेवा, परत घाला. दिवसातून दोनदा. आणि दर वेळी सगळं चढवून झालं की आठवतं, बाथरूमला जायचं राहिलं. किनाऱ्यावर तशी सोय नाही आणि परवानगी तर नाहीच नाही.

म्हणून ही पोस्ट. पेंग्विनचे फोटो इन्स्टावर टाकलेत ते तिकडे बघा, इथे मला तयारीबद्दल आणि बोटीवरच्या रोजच्या दिनक्रमाबद्दल लिहायचंय, कारण जायच्या आधी आम्ही मराठीत शोधत होतो तेव्हा जे काही सापडलं ते सगळं 'निसर्गाचं विराट रूप' टाइप होतं, थर्मल किती जोड न्यावेत हे कोणी सांगेना. (तीन पुरतात. बोटीवर लाँड्री असते, पैसे लागतात.)

आम्ही म्हणजे मी आणि ताई. मी बँकेतून रिटायर झालेली, ताई शाळेतून, दोघींच्या नवऱ्यांनी "एवढ्या पैशात फ्लॅटचं रिनोव्हेशन होईल" म्हणून हात वर केलेले. पैसे खूप लागतात हे आधीच सांगून टाकते, सगळ्यात खालच्या डेकवरची स्वस्तातली केबिनसुद्धा लाखांतच जाते आणि विमानाचं वेगळं. पण त्या खालच्या केबिनला नाकं मुरडू नका. बोट हलते तेव्हा सगळ्यात कमी हलतो तो खालचा आणि मधला भाग, वरच्या मजल्यावर बाल्कनीवाल्या सूटमध्ये राहणारे लोक ड्रेक पॅसेज नावाच्या खवळलेल्या समुद्रात आमच्यापेक्षा जास्त हिरवेपिवळे झालेले आम्ही डोळ्यांनी बघितलेत.

बुकिंग करताना सगळ्यात आधी विचारायचं ते बोटीवर माणसं किती. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या टूर कंपन्यांची आयाटो नावाची संघटना आहे, १९९१ साली स्थापन झालेली, तिचे नियम असे की ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या बोटीने कुणालाही किनाऱ्यावर उतरवायचंच नाही, आणि छोट्या बोटीनेसुद्धा एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त माणसं उतरवायची नाहीत. म्हणजे मोठी आलिशान बोट घेतली, पोहण्याचा तलाव, थिएटर, सगळं आहे, तर तुम्ही अंटार्क्टिका डेकवरून बघून परत येणार. ज्यांना तेच हवंय त्यांनी जरूर जा. आमची दोनशेच्या आतली होती, त्यामुळे निम्मे लोक किनाऱ्यावर आणि निम्मे रबरी होडीत फिरतायत, मग अदलाबदल, असं चालायचं.

आता तयारी. पहिली कागदपत्रं. अर्जेंटिनाचा व्हिसा लागतो, त्याचे नियम बदलत असतात त्यामुळे मुंबईच्या कॉन्सुलेटची साइट बघा, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. पण एक गोष्ट ट्रॅव्हल एजंट हमखास विसरतात ती म्हणजे यलो फीव्हरची लस. अर्जेंटिनात शिरताना आपल्याला कोणी विचारत नाही, विचारतात ते परत येताना मुंबई एअरपोर्टवर, कारण आपल्या सरकारच्या यादीत अर्जेंटिना, ब्राझील, इथिओपिया हे सगळे यलो फीव्हरचे देश आहेत आणि आमचं विमान तर आदिस अबाबा, साओ पावलो करत करत ब्युनॉस आयर्सला जाणारं. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, त्यामुळे अगदी शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. साठीच्या पुढच्यांना ही लस जरा विचार करूनच देतात, ताईला डॉक्टरांनी अंड्याची ॲलर्जी आहे का, थायमसचं काही ऑपरेशन झालंय का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, सगळं विचारलं आणि मगच टोचली.

मग मेडिकल फॉर्म. बोटीच्या कंपनीला तुमच्या डॉक्टरची सही हवी असते की हा माणूस ठणठणीत आहे, आणि इन्शुरन्समध्ये इमर्जन्सी इव्हॅक्युएशन असलंच पाहिजे. बोटीवर डॉक्टर असतो, छोटासा दवाखाना असतो, पण त्यापुढे काही लागलं तर एक तर उलट फिरून उशुआया (अर्जेंटिनाच्या टोकाचं गाव, बोट तिथूनच सुटते) गाठायचं किंवा अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावर चिलीच्या तळाजवळ धावपट्टी आहे तिथे विमान उतरण्याइतकं हवामान चांगलं मिळण्याची वाट बघत बसायचं. दाताचं काही दुखणं असेल तर ते आधीच काढून टाका, बाकी काही ऐकू नका पण हे ऐका.

कपड्यांचं सांगते. बाहेरचा जाडजूड पार्का, म्हणजे टोपीवालं जॅकेट, आमच्या कंपनीने दिला, तो आपलाच राहतो, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मात्र वापरून परत करायचे. तुम्ही विकत घ्यायचे ते थर्मल, एक बऱ्यापैकी फ्लीस, आणि या सगळ्यात महत्त्वाची वॉटरप्रूफ पँट. खरीखुरी वॉटरप्रूफ, पावसात गाडी चालवताना घालतो ती पातळ नव्हे. ती बुटाच्या आत खोचायची नाही, बुटाच्या वरून सोडायची, कारण होडीतून उतरताना तुम्ही किनाऱ्यावर नाही, पाण्यातच पाय ठेवता, आणि पँट आत असेल तर लाट थेट बुटात. हातमोजे दोन थरांचे, आतले पातळ, वरचे वॉटरप्रूफ. ताईच्या शेजारणीने प्रेमाने विणून दिलेले लोकरीचे मोजे होडीत पहिल्याच शिंतोड्याला भिजले ते परत येईपर्यंत रेडिएटरवरच होते. गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका, बर्फावरून ऊन वर फेकलं जातं, हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेला भाजतं.

आणि आता ते बूट. ताईच्या फिजिओथेरपिस्टने तिला दोन महिने आधीपासून एकच व्यायाम दिला होता, एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायात मोजा घालायचा, कशाला न धरता. आम्ही हसलो होतो. पण हलत्या बोटीत, जाड मोजे, त्यावर रबरी बूट, शेजारी चाळीस माणसं तेच करतायत, बाकड्यावर जागा नाही, तेव्हा ताई थाटात बूट चढवून पहिली रांगेत आणि मी भिंतीला टेकून लंगडी घालतेय. जिना चढणं-उतरणं आणि हा एक पायाचा व्यायाम, बाकी जिम नको.

उशुआयाला निदान दोन दिवस आधी पोचा. बोट कुणासाठी थांबत नाही. आमच्यातल्या एका बाईंची बॅग आलीच नाही, मग जिने-तिने एकेक कपडा देऊन त्यांना उभं केलं, त्या पूर्ण ट्रिपभर दहा जणींच्या कपड्यांत हिंडल्या आणि सगळ्यात जास्त फोटो त्यांचेच चांगले आलेत. गाव छान आहे, एका बाजूला बर्फाचे डोंगर, समोर बीगल चॅनल, आणि प्रत्येक दुकानावर 'जगाचा शेवट' असं लिहिलेलं.

संध्याकाळी बोट सुटते. सुटायच्या आधी किंवा लगेच लाइफबोटचं ड्रिल असतं, सात वेळा छोटे आणि एकदा लांब भोंगा वाजला की जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी. लोक हसतखिदळत करतात ते. मग आमच्या इतिहासवाल्या लेक्चररने शांतपणे सांगितलं की एक्सप्लोरर नावाची बोट, मुळात खास या कामासाठीच १९६९ साली बांधलेली, नोव्हेंबर २००७ मध्ये अंटार्क्टिकाच्या साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फाला आपटून बुडाली, आणि तिच्यावरची १५४ च्या १५४ माणसं वाचली कारण ती वेळेत लाइफबोटीत बसली आणि दुसरी बोट मदतीला आली. त्यानंतर कोणी हसलं नाही.

बीगल चॅनलमध्ये रात्रीचं जेवण मजेत होतं, गोड पदार्थ दोन-दोनदा घेतले जातात. पहाटे कधीतरी ड्रेक पॅसेज सुरू होतो. केप हॉर्न आणि साउथ शेटलंड यांच्यातलं साधारण ८०० किलोमीटर पाणी. त्या अक्षांशावर पृथ्वीभोवती पूर्ण गोल फिरलं तरी वाऱ्याला अडवायला कुठे जमीनच नाही, त्यामुळे पश्चिमेचा वारा मोकाट सुटलेला असतो आणि समुद्र सगळा या फटीतून घुसतो. नशीब चांगलं तर ड्रेक लेक, नाही तर ड्रेक शेक, असं तिथले सगळे म्हणतात. आम्हाला जाताना शेक मिळाला. बोटीवाल्यांनी रात्रीच कॉरिडॉरच्या कठड्यात जागोजागी कागदी पिशव्या खोचून ठेवल्या होत्या, ते बघूनच निम्म्यांना मळमळायला लागलं. खालच्या डेकवरच्या गोल खिडक्यांना लोखंडी झाकणं लावून टाकली. डायनिंग हॉलमधल्या खुर्च्या जमिनीला साखळीने बांधलेल्या, टेबलक्लॉथ ओला केलेला म्हणजे ताटल्या सरकत नाहीत. चालताना एक हात कायम बोटीसाठी राखून ठेवायचा, म्हणजे दोन्ही हातात कॉफी नि फोन असं चालत नाही, आणि दार बंद करताना बोटं चौकटीत ठेवायची नाहीत, बोटीवरच्या डॉक्टरकडे सगळ्यात जास्त केसेस याच येतात म्हणे.

गोळीचं एकच सूत्र, मळमळायच्या आधी घ्यायची. आपल्याकडची ॲव्होमिन आम्ही नेली होती, काम करते पण झोप खूप येते, मी तर दुपारचं लेक्चर घोरत ऐकलं. कानामागे लावायचा पॅच असतो त्याने तोंड कोरडं पडतं आणि काहींना जवळचं धूसर दिसतं. रिसेप्शनवर हिरवी सफरचंदं आणि सुंठीच्या गोळ्या ठेवलेल्या असतात. रिकाम्या पोटी राहू नका, आडवं पडा, किंवा डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघा. आणि डेकवर गेलात तर बोटीच्या मागे अल्बट्रॉस दिसतात, वाँडरिंग अल्बट्रॉसच्या पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत जातो, आणि तो पंख हलवतच नाही, अर्धा अर्धा तास नुसता वाऱ्यावर. बायनॉक्युलर नेली असाल तर इथेच वसूल.

ड्रेकमध्येच एक कार्यक्रम होतो जो मला सगळ्यात आवडला आणि ब्रोशरमध्ये ज्याचा फोटो कोणी छापत नाही, तो म्हणजे व्हॅक्यूम पार्टी. तुमच्या गटाला बोलावलं की बाहेर नेणार ते सगळं घेऊन यायचं, जॅकेट, पँट, टोपी, सॅक, कॅमेऱ्याची बॅग, काठ्या, आणि तिथे व्हॅक्यूम क्लीनर, ब्रश, चिमटे, सुया मांडून स्टाफ बसलेला असतो. बाहेरचं बी-बियाणं किनाऱ्यावर जाऊ नये म्हणून खिसे उलटे करायचे, वेल्क्रो तपासायचा. ताईची सॅक जुनी, सह्याद्रीत वापरलेली. तिच्या वेल्क्रोत कुसळं निघाली. एक जर्मन मुलगी, पक्षितज्ज्ञ, डोक्याला टॉर्च लावून चिमट्याने एकेक कुसळ काढतेय आणि पांढऱ्या कागदावर ओळीने मांडतेय आणि ताई तिला सांगतेय की हे राजमाचीचं असणार, हे मात्र गेल्या पावसाळ्यातलं. त्या मुलीला राजमाची काय कळणार, पण तिने विचारलं तिथे थंडी पडते का. कारण थंडीत तगणारं गवत जास्त धोक्याचं. किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या स्टेशनच्या आसपास पोआ ॲनुआ नावाचं साधं अंगणातलं गवत असंच माणसांबरोबर येऊन रुजलेलं आहे, ते उपटून काढायला वर्षानुवर्षं चाललीयेत. कुसळं पाकिटात सील झाली, ताईने सही केली.

दुसऱ्या दिवशी कधीतरी धुकं येतं, डेकवरची हवा एकदम बदलते. तिथे उत्तरेकडचं जरा उबदार पाणी आणि दक्षिणेकडचं गार पाणी भेटतात, काही तासांत पाण्याचं तापमान दोन-तीन अंशांनी खाली येतं. मग कोणीतरी पहिला हिमनग बघतं आणि सगळे जेवण टाकून धावतात. चार दिवसांनी तेच लोक खिडकीबाहेर इमारतीएवढा हिमनग जात असताना मान वर न करता सूप पितात.

आता रोजचा दिवस. सकाळी सातच्या आत केबिनमधल्या स्पीकरवर एक्सपिडिशन लीडरचा आवाज, तो बंद करता येत नाही. कुठे आहोत, तापमान किती, वारा किती, आणि प्लॅन काय. आदल्या रात्री ब्रीफिंगमध्ये जो प्लॅन सांगितलेला असतो त्याचा आणि सकाळच्या प्लॅनचा संबंध असेलच असं नाही. ज्यांना सकाळी साडेनऊला अमुक पॉइंट, साडेअकराला तमुक पॉइंट अशा टूरची सवय आहे त्यांनी हे मनाशी पक्कं करून जावं, वेळापत्रक छापलेलं असतं पण चालतं ते वाऱ्याचं आणि बर्फाचं. आम्हाला लमेर चॅनल दाखवणार होते, दोन्ही बाजूंना उंच काळे कडे आणि मधून अरुंद पाणी, तो फोटो तुम्ही नक्की कुठेतरी बघितला असेल, तर त्याच्या तोंडाशी गेलो आणि पूर्ण चॅनल बर्फाने भरलेला. कॅप्टनने अर्धा तास बघितलं, बोट हळूहळू वळवली. कोणी चकार शब्द काढला नाही, फक्त एक काका "पण पैसे तर पूर्ण घेतलेत ना" असं म्हणाले, त्यांची बायको त्यांना आत घेऊन गेली.

गंमत म्हणजे आजूबाजूला इतक्या बोटी असून दिसत मात्र एकही नाही. कुठली बोट कुठल्या दिवशी कुठल्या जागी थांबणार हे सगळ्यांनी सीझनच्या आधीच आपापसात वाटून घेतलेलं असतं. म्हणजे ते निर्मनुष्य वाटणं पण प्लॅन करून घडवलेलं असतं. मला हे कळल्यावर वाईट नाही वाटलं, उलट बँकेतल्या माणसाला बरंच वाटलं, कोणीतरी रजिस्टर नीट ठेवतंय.

उतरायचं असेल तेव्हा मडरूम. खालच्या डेकवरची खोली, बाकं, प्रत्येकाचा लॉकर, बुटांचा वास. गटाचं नाव पुकारलं की यायचं, कार्ड स्कॅन करायचं म्हणजे बोटीबाहेर कोण आहे ते कळतं, मग बूट जंतुनाशकाच्या गुलाबी पाण्याच्या टबात बुडवायचे आणि जिन्याने खाली झोडियाकपर्यंत. झोडियाक म्हणजे रबरी होडी, साधारण दहा माणसं, काठावर बसायचं. खलाशाला हात द्यायचा नाही, मनगट द्यायचं, त्याने तुमचं मनगट धरायचं आणि तुम्ही त्याचं, म्हणजे ओला हात सुटत नाही. मग होडीच्या काठावर पाय, मग आत, मग बसा, मग सरका. उड्या नाहीत, घाई नाही. पहिल्या दिवशी सगळे गोंधळ घालतात, तिसऱ्या दिवशी सत्तरीच्या आज्या सुद्धा रांगेत मनगट पुढे करून उभ्या.

किनाऱ्यावर पाय ठेवायच्या आधी येतो तो वास. कोणी सांगत नाही हो हे! पेंग्विनच्या वसाहतीचा वास म्हणजे सुकटीचं पोतं पावसात भिजून दोन दिवस बंद खोलीत राहिलंय असा. क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारके जीव, खातात ना ते सगळे, त्यामुळे त्यांची शी गुलाबी, आणि जानेवारीत बर्फ वितळलेला असतो, पिल्लं बाहेर आलेली असतात, त्यामुळे किनारा म्हणजे गुलाबी चिखल. फोटोत तो छान दिसतो.

लाल झेंड्यांनी वाट आखलेली असते तिच्यावरूनच चालायचं. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, फर सीलपासून पंधरा, आणि पेंग्विन तुमच्या वाटेत आला तर त्याचा हक्क पहिला, तो जाईपर्यंत पुतळा होऊन उभं राहायचं. २०२३-२४ च्या सीझनपासून बर्ड फ्लू तिकडे पोचलाय, त्यामुळे आता बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, सॅक खाली ठेवायची नाही. एक तास, दीड तास, नुसतं उभं. गुडघेदुखीवाल्यांनी काठी न्या. पण उभं राहिलं ना की दिसायला लागतं. क्युव्हरव्हिल बेटावर एक जेंटू जातीचा पेंग्विन, चोचीत एक खडा धरून, अगदी जबाबदारीने चढ चढत घरट्याकडे चाललेला, घरट्यातल्या बाईसाहेबांपुढे खडा ठेवला, वाकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि वळला, तेवढ्यात मागच्या घरट्यातल्याने मान लांब करून तोच खडा उचलला आणि स्वतःच्या घरट्यात लावला. हा परत खाली, परत खडा. मागचा वाटच बघतोय. आमच्या सोसायटीच्या पार्किंगची मीटिंग आठवून ताई इतकी हसली की तिला झोडियाकवाल्याने विचारलं, ठीक आहात ना.

डिसेप्शन बेट मात्र सगळ्यांपेक्षा वेगळं. ज्वालामुखीच्या तोंडात समुद्र शिरलाय आणि एका अरुंद खिंडीतून बोट आत जाते, खिंडीच्या मधोमध पाण्याखाली खडक आहे त्यामुळे कडेने जावं लागतं, त्या वेळी ब्रिजवर, म्हणजे कॅप्टन बोट चालवतो तिथे, कोणी बोलत नाही. आत काळी वाळू, वाफा, आणि व्हेल तेल काढायच्या कारखान्याच्या गंजलेल्या प्रचंड टाक्या. नॉर्वेच्या लोकांनी १९१२ ते १९३१ हा कारखाना चालवला, तेलाचे भाव पडले तेव्हा सोडून गेले. मग ब्रिटिशांचा तळ झाला, तोही १९६७ आणि १९६९ च्या उद्रेकांनी उठवला. बाकी सगळीकडे मी फोटो काढत होते, इथे नाही काढले फारसे. संध्याकाळी त्याच खाडीबाहेर हंपबॅक व्हेल दिसले, आणि त्यांच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे फोटो स्टाफने मागून घेतले, प्रत्येकाच्या शेपटीवरची नक्षी वेगळी असते, हॅपीव्हेल नावाच्या साइटवर टाकली की तो व्हेल आधी कुठे दिसलाय ते कळतं. हे तिकडचे व्हेल विणीला कोलंबिया, इक्वाडोर, पनामाच्या किनाऱ्यावर जातात. माझा व्हेल साइटवर नवीन निघाला, परत कुठे दिसला तर मेल येणार आहे. टूर कंपनीचे मेल मी अनसबस्क्राइब केलेत, हे नाही.

जेवणाचं बरेच जण विचारतात. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहा, उपाशी राहत नाही, पण पास्ता आणि भोपळ्याचं सूप यांच्याशी मैत्री करावी लागते. आमचं नशीब असं की किचनमध्ये वास्कोचा एक मुलगा होता. क्रूझवर गोव्याचे आणि कोकणातले लोक भरपूर असतात. आम्हा दोघींचं मराठी ऐकून आला, "मावशी, तुम्ही मुंबईच्या काय?" ताई म्हणाली डोंबिवली, तर म्हणतो तेच ते. तेव्हापासून रोज रात्री एक वाटी फोडणीची डाळ गुपचूप यायची, लसणाची. त्याच्या घरापासून जवळच वास्कोच्या हेडलँड सडा भागात आपली राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन संस्था आहे, भारताच्या अंटार्क्टिक मोहिमा तिथूनच आखल्या जातात, आणि पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातूनच निघाली होती, जानेवारी १९८२ मध्ये पोचली. त्याचे आजोबा बंदरात कामाला होते, त्यांनी ती बोट बघितली होती म्हणे.

त्यावरून आठवलं, 'मैत्री' हे भारताचं तिकडचं संशोधन केंद्र बघितलं का, असं पन्नास जणांनी विचारलंय. नाही हो. मैत्री आणि आपलं दुसरं केंद्र भारती दोन्ही पूर्व अंटार्क्टिकात, आम्ही गेलो दक्षिण अमेरिकेच्या खाली. खंड आपल्या देशाच्या चौपट आहे. मैत्रीला जाणारे केपटाउनवरून जातात आणि ते काम करायला जातात.

पोर्ट लॉकरॉयचं पोस्ट ऑफिस आहे, १९४४ साली महायुद्धात उभारलेल्या ब्रिटिश तळाचं आता म्युझियम केलंय, त्याच्यातलं. आम्हाला उतरता आलं नाही, तिथलीच माणसं आमच्या बोटीवर येऊन कार्डं विकून आणि पेटी घेऊन गेली. कार्डाचा प्रवास आधी फॉकलंड, मग ब्रिटन, मग भारत. माझं कार्ड पोचायला पाडवा उलटला, पोस्टमनने स्वतः वाचून दिलं.

आणि हो, पोलर प्लंज. शून्याच्या आसपासच्या पाण्यात उडी. कमरेला पट्टा बांधतात, दोरीचं दुसरं टोक खलाशाच्या हातात, डॉक्टर शेजारी उभा. बीपी, हृदयाचं काही असेल तर सोडा. मी टॉवेल धरायला होते. ताईने मारली. पासष्टीला आलेली बाई, डॉक्टरला आधी दोनदा भेटून, पंजाबी ड्रेसवर (बाकी सगळे बिकिनीत), "गणपती बाप्पा मोरया" ओरडून. वर आली तेव्हा तोंडातून शब्द फुटेना, अर्ध्या मिनिटाने पहिलं वाक्य, "चहा कुठाय?" तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर गेल्यापासून जिजाजी रिनोव्हेशनचं नाव काढत नाहीत.

एक गोष्ट टोचते ती पण लिहून ठेवते. १९६६ साली आत्ताच्या पद्धतीची पहिली छोटी टूर गेली तेव्हा साठेक माणसं होती, आता एका सीझनला एक लाखाच्या वर जातात आणि त्यात आम्ही दोघी. जड काळं इंधन २०११ पासून तिकडे बंद आहे, बोटी हलक्या डिझेलवर चालतात, पण डिझेल ते डिझेलच, आणि मुंबईपासूनच्या विमानाचं तर बोलूच नका. बोटीवर लेक्चरमध्ये सांगतात की इथून परत जाणारा प्रत्येक जण अंटार्क्टिकाचा राजदूत होतो. मला नाही पटत. बहुतेक लोक परत जाऊन पुढची ट्रिप बुक करतात.

हे लिहिते तेवढ्यात ताईचा फोन, तिला आता स्वालबार्डला, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या नॉर्वेच्या बेटांवर, जायचंय. आपलं हिमाद्री हे संशोधन स्टेशन तिथे आहे, २००८ पासून, आणि पांढरी अस्वलं. मी तिला सांगितलं की तिथे किनाऱ्यावर गाइड रायफल घेऊन पुढे चालतात आणि अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचा कायदा झालाय, म्हणजे दिसलं तरी पिवळसर ठिपका. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा नाही पण जायचं नॉर्वेवरून, तेव्हा युरोपचा शेंगेन व्हिसा लागणार आणि तोही डबल एंट्री. ती म्हणते डबल तर डबल, तू फॉर्म भर. भरते, पण या वेळी फिजिओकडे मी जाणार आहे.